पेडणं कुणी दिलं?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला राज्यांच्या सीमांवरचा लेख दोनदा वाचला. सोबतचा नकाशा भिंग लावून पाहिला. सीमा म्हटल्या की त्या कुठल्यातरी साहेबाने टेबलावर पट्टी ठेवून ओढल्या, नाहीतर दिल्लीने फायलीवर सही करून ठरवल्या, असा लेखाचा एकंदर सूर आहे. इतर ठिकाणचं मी वाचून आहे तेवढंच. पण आमच्या आरोंद्याच्या खाडीवर जी सीमा आहे, तिच्यात लंडनचा हात नव्हता आणि दिल्लीचा असलाच तर फार लांबून. ती आमच्या वाडीकरांच्या आणि करवीरकरांच्या, म्हणजे सावंतवाडी आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या, भांडणातून आली.

मी मूळची पलतडची. माहेर केरी, तालुका पेडणे, गोवा. सासर आरोंदा, तालुका सावंतवाडी. मधे तेरेखोल नदी. लग्न झालं तेव्हा किरणपाणीला होडीतून उतरून वरात आली. आता पूल झालाय, स्कूटरने पाच मिनिटं. दोन्हीकडे तोच दशावतार, तीच सातेरी, तोच रवळनाथ, माशाच्या कढीत तेच तिरफळ. पेडण्याची बोली ऐकली तर मडगावच्या माणसाला ती आमची वाटते. मग नदीच्या मधोमध राज्य का बदलतं?

सावंतवाडीच्या गादीवर तिसरे खेमसावंत होते. १७६३ साली त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी झालं. शिंद्यांचं वजन तेव्हा दिल्ली दरबारात चालायचं. त्या सोयरिकीतून बादशहाकडून वाडीकरांना ‘राजेबहाद्दर’ किताब मिळाला. दिल्लीचा हात म्हणाल तर एवढाच. आजही वाडीच्या राजघराण्याच्या नावापुढे तो लागतो. ऐकायला छान आहे. पण कोल्हापूरच्या गादीला तो रुचला नाही. आपल्याच शेजारचा सरदार बादशाही किताब मिरवतो म्हणजे काय! करवीरकरांची फौज घाटाखाली उतरली, वाडीचे किल्ले गेले, ते शिंद्यांनी शब्द टाकून परत मिळवून दिले. तरी तेढ मिटली नाही, पुढे कितीतरी वर्षं चालली. शेवटी जेरीला आलेल्या वाडीकरांनी गोव्याच्या फिरंग्यांची मदत मागितली. तिची किंमत म्हणून १७८८ साली पेडणे महाल त्यांच्या हवाली झाला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षं गेलेच होते.

झालं. तेव्हापासून तेरेखोलच्या पाण्यात ही रेघ आहे. पोर्तुगीज गेले, संस्थान १९४८ला विलीन झालं, मुंबई राज्य मोडलं, १९६७च्या जनमत कौलात गोव्याने ‘फुला’ऐवजी ‘दोन पानां’वर शिक्का मारून महाराष्ट्रात यायचं नाकारलं (१,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०; आमच्या घरी हे आकडे पाढ्यासारखे पाठ होते), तरी रेघ तिथेच. नव्या दिल्लीने फार तर ती गिरवली.

उशिरा गेलो याचा पेडण्याला फायदाही झाला, तेही लिहायला हवं. बारदेश-सासष्टीत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली. पेडणे हाती आलं तेव्हा फिरंग्यांचा तो जोश ओसरला होता आणि देवधर्माला, रीतिरिवाजांना हात लावणार नाही असं कबूल करून त्यांनी नवा मुलूख घेतला. म्हणून पेडण्याची भगवती जागच्या जागी आहे. माझ्या आईला हे सांगितलं की ती म्हणायची, “देवी रवली, पण माझो रस्तो गेलो मां!” तिचं माहेर रेडी. १९६१च्या आधी सरहद्दीवर नाकेबंदी होती त्या काळात तिचे वडील वारले. रेडी ते केरी हे अंतर सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचेल एवढं. निरोप मासे मारणाऱ्या एका होडीवाल्याने आणला, तोपर्यंत बारावं उरकलं होतं. ती कधीच रडून हे सांगायची नाही. भाकरी थापताना मधेच सांगायची.

मला या पत्रात खरं तर जमिनीबद्दल लिहायचं आहे. सीमेपायी दारू स्वस्त मिळते एवढंच लोकांना ठाऊक असतं.

१९९१ साली माझे सासरे गेले. सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली तेव्हा माझ्या तिन्ही नणंदांना बोलावणं गेलं. ओसरीवर चटई घातली होती, मधे पानाचं तबक, त्यात तीन साड्या, आणि तबकाखाली हक्कसोडपत्र. धाकटीने विचारलं, “वाचू तरी दे.” थोरल्या दिरांनी चष्मा पुढे केला, पण कागद केला नाही. तिघींनी सह्या केल्या. कायद्याने त्यांचा काहीतरी वाटा १९५६पासून होता, पण तो मागायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने दिला १९९४ला, देशाने २००५ला. मीही तेव्हा चहा करून आणला आणि गप्प बसले, हे कबूल करते.

दहा वर्षांनी केरीला माझे वडील गेले. तिथे सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा. आणि कायदा मूळचा पोर्तुगालचा, १८६७ सालचा, जो गोव्यात आला आणि मुक्तीनंतरही राहिला. त्यात नवरा-बायकोची मिळकत, वेगळा करार नसेल तर, निम्मी-निम्मी. म्हणजे वडील गेले तरी आईचं अर्धं तिचंच. उरलेल्यातही मुलगा-मुलगी सारखीच, आणि मृत्युपत्र केलं तरी मुलांचा ठरावीक वाटा बापाला तोडता येत नाही. भावाने आमच्याकडेही कागद आणलाच. बायका तिकडेही हक्क सोडतात, तिकडच्या पुरुषांना मी काही देवमाणसं ठरवत नाही. पण पेडण्यात दिलेल्या माझ्या बहिणीच्या सहीबरोबर मेहुण्यांचीही सही लागत होती, आणि मेहुणे ‘मी नाही करणार’ म्हणून पान जुळवत बसले. मग कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी आणि वाटणी, झाली. आम्हा दोघींच्या वाट्याला मिळून माडांच्या दोन ओळी आणि विहिरीचं पाणी आलं. माझ्या नणंदांना त्या तीन साड्या.

सख्खी नाती, एकच जात, एकच देव, मधे शंभर वावांचं पाणी. आणि मुलीला काय मिळणार हे ठरलं एका किताबावरून रुसलेल्या कोल्हापूरने आणि घाबरलेल्या वाडीने. खेमसावंतांना माझे माड दिसत होते असं मी म्हणत नाही. त्यांना किल्ले वाचवायचे होते. पोर्तुगीजांनाही आमच्या मुलींची कणव नव्हती, त्यांनी आपल्या देशाचा कायदा आणून टाकला. म्हणूनच अमक्या राजाने हे चांगलं केलं, तमक्याने वाईट, असा जो हिशेब आपल्या लेखात शेवटी मांडला आहे, तो मला शाळेतल्या मुलांच्या वहीतला वाटला. तीस वर्षं अशा वह्या तपासल्या आहेत.

आता नकाशाबद्दल. आपण नदीच्या उत्तरेचं सगळं महाराष्ट्राच्या रंगात रंगवलं आहे. तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव नदीच्या आमच्या बाजूला आहे, पण ते गोव्यात आहे. किल्ला सावंतांनी बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, पेडण्याच्या कितीतरी आधी. तिथल्या माणसाला तालुक्याच्या कामाला पेडण्याला जायचं तर एकतर केरीच्या फेरीत चढायचं, नाहीतर महाराष्ट्रातून फिरून पुन्हा गोव्यात शिरायचं. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल तेव्हा तेवढा तुकडा गोव्याच्या रंगात घ्यावा. फार लहान आहे, रंगवणाऱ्याला बारीक ब्रश द्यावा लागेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
आरोंदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग