बांधापलीकडच्या दत्तूस

शहापूर, बेळगाव
रोहिणी लागून दोन दिवस

प्रिय दत्तू,

तुझ्या चारी मेसेजना उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर आहे तशी, हिचे गुडघे आहेत तसे. झालं आरोग्य.

एप्रिलभर अमेरिकेत सुधीरकडं होतो, ते तुला कळलंच असेल. आपल्या गल्लीत काय लपतंय? त्यानं एका शनिवारी ऑरलँडोच्या एपकॉटला नेलं. डिस्नीचं पार्क. तिथं दर वसंतात फुलांचा उत्सव भरतो, १९९४ पासून. मला वाटलं आपल्याकडच्या फलपुष्प प्रदर्शनासारखं असेल, चार कुंड्या, एक बक्षिसाचा कोबी आणि फीत कापायला पाचजण. तसं नव्हतं मर्दा. झाडाझुडपांचा मिकी उभा, माणसापेक्षा उंच. ही ‘अहो’ म्हणायच्या आत मी त्याच्या पोटात बोट घातलं. आत लोखंडी सांगाडा, त्यात शेवाळ ठासलेलं, आणि शेवाळात बोटभर रोपं एकाला एक चिकटून खोचलेली. आपण गणपतीच्या मखराला झेंडू खोचायचो तसंच, फक्त हे मुळं धरलेलं, वाढणारं. बोट ओलं झालं. नखात माती मात्र आली नाही.

पुढं तळ्याभोवती अकरा देश मांडलेत. मेक्सिकोत शिरायचं आणि कॅनडातनं बाहेर पडायचं. नॉर्वे संपून चीन कधी लागला कळत नाही. मी सुधीरला विचारलं, हद्दीचे दगड कुठं आहेत? अकरा देश एका तळ्याकाठी गप बसलेत, आणि आमचं सीमेचं भांडण १९५६ पासून चाललंय, २००४ पासून तर सुप्रीम कोर्टात. त्या अकरात भारत नाही म्हणून ही रुसली आणि फ्रान्सपर्यंत कुणाशी बोलली नाही. हद्द म्हटल्यावर तूच आठवणार. तुझ्या बाबांनी चौऱ्याऐंशी साली बांध वीतभर आमच्यात सरकवला होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार. तू नाही म्हण, मी म्हणणार.

आता खरं सांगतो.

तिथं ‘लँड’ नावाची इमारत आहे. होडीत बसवून हरितगृहांतनं फिरवतात. टोमॅटो डोक्यावर लोंबतायत, मिकीच्या तोंडाचे भोपळे केलेत, कोवळे असतानाच साच्यात घालून. आणि काही रोपांची मुळं तर उघडीच, हवेत लोंबकळणारी, त्यांवर पाण्याचा फवारा. नातू टाळ्या पिटत होता. सुधीर म्हणाला, “बाबा, बघा, मातीच लागत नाही.” मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, “मग ते सव्वा एकर कुणासाठी ठेवलंय?”

मी म्हणालो, “बरं, विकू.”

होडी अजून निम्म्यातसुद्धा आली नव्हती. पुढचं काही मी बघितलं नाही. बाहेर आल्यावर फुलपाखरांच्या जाळीघरात नेलं, तिथं म्हणे एक फुलपाखरू माझ्या टोपीवर बसलं होतं, फोटो आहे.

हे तुलाच का लिहितोय ते तुला ठाऊक आहे. तू विकलंस तेव्हा कपिलेश्वराच्या पायरीवर चार माणसांत मी काय बोललो होतो? आई विकलीस, असं. तू नुसत्या चपला घातल्यास आणि गेलास. नंतर मी तुझ्या गणूच्या लग्नाला आलो, पाकीट दिलं, जेवलो (मठ्ठा आंबट होता), पण त्यावर आपण कधी बोललो नाही. मीच बोलायला पाहिजे होतं.

आल्यावर दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. वळीव पडून गेलेला. तुझ्या शेतात प्लॉटचे पिवळे दगड रोवलेत, त्यातल्या एकाला कुणाची तरी म्हैस बांधली होती. दगड कललाय. बाकी शिवारात धूळवाफ पेरणी चाललीय, पेरायच्या कुरीमागनं बाया चालतायत, आणि आमचं तेवढं नांगरून मोकळं. बासमतीचं बी कॉटखाली पोत्यात आहे. चार दाणे सोलून चघळले, वास आहे अजून.

गिऱ्हाईक म्हणतं, पेरू नका, उभं पीक असलं की कागदाला खोळंबा. ही म्हणते, “तुम्हाला काय करायचं ते करा”, म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सुधीरचा हिशोब चुकत नाही. भांगलणीला बाया मिळत नाहीत, मला चिखलात उभं राहवत नाही, मागनं येऊन तो काही मसूर पेरणार नाही. सगळं पटतं. आणि रात्री दोनला उठून मी पोतं चाचपून बघतो, उंदीर लागला का म्हणून. उंदीर नाही.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? सूनबाईंची बदली झाली का? गणूला आशीर्वाद. पुण्याला कुणी निघालं की कुंदा पाठवतो, अर्धा किलोच, तुलाही शुगर आहे.

एवढंच कळव. सहीच्या दिवशी सकाळी तू आधी शेतावर गेला होतास, का घरनं थेट कचेरीत? आणि या साली पेरू की नको? रविवारपर्यंत सांग. भाड्याची कुरी सोमवारी मोकळी आहे, मंगळवारी ती येळ्ळूरला जाते.

तुझा,
नाना