गुईच्या जंगलातल्या भैजींना

भैजी,

सादर नमस्कार.

तुम्हाला हिंदीत वेगळं पत्र धाडलं आहे, ते एव्हाना रैथलला पोचलं असेल. हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्याकडून, म्हणजे पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दरवर्षी असंख्य माणसं उत्तराखंडातल्या डोंगरांत मुक्कामाला येतात. त्यांच्यासोबत तुमच्यासारखा कुणीतरी असतो. त्याचं नाव फोनमध्ये 'गाइड' म्हणून साठवलेलं असतं आणि परतीच्या गाडीत बसल्यावर ते मागे राहतं. गुईच्या मुक्कामी तुम्ही माझ्या बाबांचा जीव वाचवलात; तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हा पत्रप्रपंच. नाव छापू नका असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही.

भैजी म्हणजे गढवालीत थोरला भाऊ. वाचणाऱ्यांना जागेची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. उत्तरकाशीहून गंगोत्रीच्या रस्त्याला भटवाडी लागतं. तिथून वर चढलं की रैथल, सुमारे 2,200 मीटरवरचं गाव. गाडी तिथेच थांबते. पुढे खरसू आणि बुरांशच्या जंगलातून चढत गेलं की गुईची मोकळी जागा येते. तिथे गुराख्यांच्या दगडी छान्या, म्हणजे झोपड्या, आहेत, भोवती झाडी आहे आणि उंची सुमारे 2,900 मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं, हे लक्षात घ्या. गुईच्याही वर दयारा बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, पसरलेला आहे आणि तिथून बंदरपूँछचा पर्वत समोर दिसतो. पूर्वी तंबू थेट बुग्यालवरच लागायचे. 2018 मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि मुक्काम खाली जंगलात आले. त्या संध्याकाळी वर उघड्यावर नव्हतो, झाडांच्या आडोशाला होतो, याचं मोल मला नंतर कळलं.

एप्रिलमधली दुपार होती. पहाडात या दिवसांत सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर ढग चढतात. हे तुम्ही आदल्या दिवशीच सांगितलं होतंत आणि म्हणून आम्हाला पहाटे लवकर काढलंही होतंत. तरी ढगांनी त्या दिवशी घाई केली. मुक्काम जवळ आला असतानाच गारा सुरू झाल्या. वाऱ्याने बाबांचा पोंचो खांद्यापासून फाटला आणि पाणी थेट आत गेलं. तंबूत पोचेपर्यंत ते नखशिखांत भिजले होते. आम्ही त्यांना कोरडं जाकीट घातलं, रजई दिली. ते थडथडत होते, मग हळूहळू शांत झाले. मी नवऱ्याला म्हटलं, बरं झालं, थंडी गेली.

नेमके तेव्हाच तुम्ही चहा घेऊन आत आलात. चहाची किटली खाली ठेवलीत आणि टॉर्च बाबांच्या चेहऱ्यावर न मारता छताकडे धरलीत, म्हणजे उजेड मंद पडेल. विचारलंत, "पिताजी, काँपना कब बंद हुआ?" बाबांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मग तुम्ही म्हणालात, "अंगूठा छोटी उंगली से लगाओ." बाबांचा अंगठा मधल्या बोटापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. करंगळीपर्यंत तो पोचेचना.

त्या दोन मिनिटांसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन, भैजी. बाबांचं थरथरणं थांबलं याचा मी अर्थ लावला की ऊब आली. तुम्ही ओळखलंत की शरीर ऊब निर्माण करायची धडपड सोडू लागलं आहे. नंतर उत्तरकाशीला डॉक्टरांनी मला नीट समजावलं. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी माणूस जोरात कापतो, आणखी उतरलं की कापणं मंदावतं, जीभ जड होते, बोटं ऐकत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं झोप लागली. यासाठी बर्फ असावा लागत नाही. वारा आणि ओले कपडे एवढं पुरतं.

मग तुम्ही जे जे केलंत ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते आमच्या लोकांना ठाऊक असायला हवं.

आधी आम्हा सगळ्यांना कामं वाटून दिलीत आणि आवाज चढवला नाहीत. बाबांना उठून बसू दिलं नाहीत. आडवे ठेवूनच जाकीट काढलंत, स्वेटर काढलात, आणि आतली ओली सुती बनियन कात्रीने कापून बाजूला केलीत. ती अंगाला चिकटून बसली होती आणि वरच्या कोरड्या जाकिटाच्या आत शांतपणे ऊब पीत होती. अंगाखाली दोन मॅट आणि त्यावर खेचराच्या पाठीवरचं जाड कोरडं घोंगडं. "नीचे से ठंड ज़्यादा आती है," म्हणालात. मग कोरडे लोकरी कपडे, कानटोपी, एकात एक दोन स्लीपिंग बॅग. स्वयंपाकाच्या तंबूतून गरम पाणी आलं. ते स्टीलच्या बाटल्यांत भरून बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवलेत आणि दोन्ही काखांत आणि छातीवर ठेवलेत. हातापायांना नाही. मी बाबांचे तळवे चोळायला घेतले तेव्हा माझा हात धरून थांबवलात. थंड पडलेल्या हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे जाऊ द्यायचं नसतं, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मला ते लगेच पटलं, कारण तुम्ही चिडून बोलला नाहीत.

शेजारच्या तंबूतला एक भला माणूस रमची बाटली घेऊन आला. त्याचा हेतू चांगलाच होता. तुम्ही त्याला हात जोडलेत आणि परत पाठवलंत. दारूने अंगाला गरम वाटतं, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. त्याच तंबूतल्या मुलांनी शेकोटीसाठी लाकडं गोळा केली होती. तिथेही तुम्ही नाही म्हणालात. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा तुमच्याकडे वणव्यांचा हंगाम मानला जातो. गारा पडून गेल्या तरी झाडांखालचा पालापाचोळा आत कोरडाच असतो. एका जिवाची काळजी चालू असताना जंगलाचीही काळजी तुम्ही सोडली नाहीत. मुलांना ते रुचलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणी खात्री पटली की आम्ही योग्य माणसाच्या हातात आहोत.

बाबांना गिळता येतंय याची खात्री झाल्यावर तुम्ही चमच्याने कोमट साखरपाणी पाजलंत. लघवीला बाहेर जायचं म्हणून ते उठू लागले, तर तुम्ही सगळ्यांना बाहेर काढून बाटली दिलीत. बाबा आयुष्यभर शाळामास्तर, फार संकोची. तुम्ही त्यांच्याशी काय बोललात ठाऊक नाही, पण त्यांनी ऐकलं. घरच्या मुलानेही इतक्या अदबीने केलं नसतं.

आणि मग ती रात्र. तुम्ही बाबांच्या एका बाजूला, स्वयंपाकातला पोरगा दुसऱ्या बाजूला, दोघे त्यांना चिकटून. दर थोड्या वेळाने तुम्ही त्यांना बोलतं करत होतात. नातवाचं नाव काय, गाव कोणतं, वीसपासून उलटे आकडे म्हणा. आकडे चुकत होते. मधेच बाबा स्वतःहून दिडकी म्हणू लागले. एके दीडा दीड, बे दीडा तीन. पावकी, निमकी, दिडकी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलेली. तुम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही अंधारात माझ्याकडे बघून विचारलंत, "दीदी, सही बोल रहे हैं?" मी म्हटलं, अजून एकही चूक नाही. तुम्ही म्हणालात, "तो बोलने दो." थोड्याच वेळात बाबा पुन्हा थडथडू लागले आणि मी घाबरले, तर तुम्ही हसलात. "काँपना अच्छा है. अब शरीर खुद काम कर रहा है."

हे सगळं तुम्ही थर्मामीटरशिवाय केलंत. साधा थर्मामीटर बहुधा 35 अंशांच्या खाली दाखवतच नाही, त्यामुळे तो असता तरी उपयोग झाला नसता. तुमच्याकडे होतं ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतलं शिक्षण आणि वर्षानुवर्षं माणसं निरखण्याची सवय. ती संस्था 1965 साली सुरू झाली. तिथून किती तरी गिर्यारोहक घडले, त्यांची नावं वर्तमानपत्रांत येतात. तिथेच शिकून तुमच्यासारखे जे गावोगावी परतले, त्यांच्या बातम्या होत नाहीत. व्हायला हव्यात.

सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाकीचे गट वर निघाले. तुम्ही बाबांसाठी रैथलहून खेचर मागवलंत आणि आम्ही खाली उतरलो. दयारा आम्ही पाहिलाच नाही, आणि त्याची हळहळ मला आजवर एकदाही वाटली नाही. उतरताना तुम्ही वाटेतली रिकामी पाकिटं उचलून खेचरावरच्या पोत्यात टाकत होतात. बुग्यालवर माती खचून पडलेल्या घळी नारळाच्या काथ्याच्या जाळ्या आणि पिरूल, म्हणजे चीड या पाइनच्या झाडाच्या वाळक्या सुया, वापरून वनखात्याने कशा सांधल्या, हे बाबांना सांगत होतात. बाबांना बोलतं ठेवायची ती युक्ती होती, हे मला कळत होतं. पण सांगताना तुमचा जीव त्या गवतात किती गुंतलाय तेही कळत होतं.

गावात तुमच्या घरी वहिनींनी गहतचं, म्हणजे आपल्या कुळथाचं, गरम कढण आणि मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी वाढली. बाबा मूळचे राजापूरकडचे. दोन वाट्या कढण प्यायले आणि तिसरी मागितली. उत्तरकाशीच्या डॉक्टरांनी नंतर तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, पण मला खरा दिलासा त्या तिसऱ्या वाटीने दिला.

आता आमच्या मंडळींना दोन शब्द. हिमालयात मुक्कामाला जाताना सामानाची यादी करा, चांगले बूट घ्या, सगळं करा. पण गाइड ठरवताना रुपये-दोन रुपये कमी करून घेण्यात धन्यता मानू नका. तो स्थानिक आहे का, शिकलेला आहे का, त्याच्या सोबतीला दुसरा माणूस आहे का, हे आधी विचारा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यांची औषधं, आजार त्याच्या कानावर घाला. सुती कपडे आपल्या सह्याद्रीत सुखाचे. तिथे अंगालगत लोकर किंवा लवकर सुकणारं कापड हवं, आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून तळाशी ठेवायला हवा. आणि गाइडने नाही म्हटलं, तर 'नाही' ऐकायचं. त्या 'नाही'साठीच आपण त्याला बरोबर नेलेलं असतं.

भैजी, पार्सल निघालं आहे. त्यात कमी तापमान मोजणारा थर्मामीटर आहे, तुमच्या किटमध्ये राहू द्या. लोकरीचे मोजे आहेत, कारण तुमचे सगळे त्या रात्री बाटल्यांना चढले आणि सकाळी ओले होते. वहिनींसाठी कोकणातले कुळीथ आहेत, चवीत काही फरक लागतो का ते कळवायला सांगा. स्वयंपाकातल्या पोराच्या पुढच्या कोर्सची फी भरायचं आपलं ठरलंय, त्याचा फॉर्म कधी निघतो तेवढं बघून ठेवा. बाबांना ऑगस्टमध्ये तुमच्या अंढूडी उत्सवाला यायचं आहे. लोणी आणि ताकाची ती होळी त्यांना बघायची आहे. डॉक्टरांनी रैथलपर्यंत परवानगी दिली आहे. वर दयाराला जायचं की नाही, ते तुम्ही त्यांना बघून तिथेच ठरवा. आम्ही मानू.

कृतज्ञतापूर्वक,
तुमची पुण्याची भुली (धाकटी बहीण)