गरोदरपणातील सौम्य थायरॉईड : गोळी कोणाला आणि कुठवर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातील फोंडा परिसरात बरीच वर्षे फार्मसी सांभाळताना वारंवार दिसलेली एक गोष्ट मांडते. पहिल्याच तपासणीत टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) तीन-साडेतीन आले की गरोदर महिलेला लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची गोळी, सुरू होते. मात्र ते कशासाठी आणि कधीपर्यंत घ्यायचे, हे तिला बहुधा ठाऊक नसते.

टीएसएच थोडे वाढलेले, पण टी-४ (थायरॉईड ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक) प्रमाणात, अशी ही सौम्य अवस्था आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही वरची मर्यादा ठरवली होती आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच आकडा आला. त्याच संघटनेने २०१७ मध्ये मात्र, स्थानिक मर्यादा उपलब्ध नसल्यास सुमारे ४ हा आकडा धरावा, असे सांगितले. आकडा त्यापुढे असून टीपीओ अँटिबॉडी (स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये) असतील तर उपचार करावा, दहाच्या वर अँटिबॉडी नसल्या तरी करावा. अँटिबॉडी असून आकडा २.५ ते ४ दरम्यान असेल, किंवा त्या नसून ४ ते १० दरम्यान असेल, तर डॉक्टरांनी विचार करून ठरवावे, असा त्याचा आशय आहे. अँटिबॉडीची तपासणी न करता केवळ साडेतीन हा आकडा पाहून दिलेली गोळी यात कुठे बसते, हे विचारण्याचा हक्क त्या महिलेला आहे.

अमेरिकेत ही सौम्य अवस्था असलेल्या ६७७ गरोदर महिलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गोळी घेतलेल्या व न घेतलेल्या मातांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. तथापि तेथे उपचार सरासरी सतराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाला होता आणि गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते; तोवर तो आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. म्हणून अगदी सुरुवातीच्या उपचाराचा प्रश्न त्या चाचणीने निकाली निघाला, असे मी मानत नाही. ज्यांचे थायरॉईड आधीपासूनच स्पष्टपणे कमी आहे, त्यांनी तर हे वाचून गोळी मुळीच थांबवू नये. गरोदरपणात त्यांचा डोस बहुधा वाढवावा लागतो.

गोळी घ्यायचीच तर ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी, चहा अर्ध्या तासाने प्यावा, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर ठेवावे. घाईत सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या जातात, मग टीएसएच उतरत नाही आणि विनाकारण डोस वाढतो.

मिठाबद्दलही थोडे. आमच्या मिठागरांतल्या खड्या मिठाचा मला अभिमान आहे आणि मिसकूट (कैरीचे लोणचे) घालताना मी तेच वापरते. पण त्यात आयोडीन मिसळलेले नसते. गरोदर महिलेला रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, तेव्हा तिच्या रोजच्या हुमणात (माशांच्या आमटीत) आयोडीनयुक्त मीठच पडावे.

राज्यातील प्रयोगशाळांनी गरोदर महिलांच्या अहवालावर सर्वसाधारण प्रौढांची नव्हे, तर तिमाहीनुसार मर्यादा छापावी आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर उपचाराचे कारण लिहावे, ही विनंती आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचे, हेही तेथेच नमूद व्हावे. कारण गरोदरपणातच सुरू झालेली कमी डोसची गोळी तेव्हा अनेकींना थांबवता येते, आणि तसे कोणी न सांगितल्यामुळे ती वर्षानुवर्षे नेणाऱ्या महिला मी पाहिल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट, फोंडा