वादातली चलाने थकबाकीत नकोत

ई-चलानांच्या थकबाकीची वसुली कडक करण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. वसुली व्हायलाच हवी. पण ज्या चलानावर वाहनमालकाने ऑनलाइन तक्रार नोंदवली आहे, ते निकाल लागेपर्यंत थकबाकीत धरू नये. आमच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरला विनाहेल्मेटचे चलान आले. फोटो उघडला तर त्यात भलतीच मोटारसायकल, नंबरप्लेटवरचा ३ यंत्रणेने ८ वाचलेला! आरसी बुकाचा फोटो जोडून तक्रार केली, तरी दंड अजून त्यांच्याच नावावर आहे. पैसे भरणाऱ्यांचीही सुटका नाही: खात्यातून रक्कम वळती होते आणि चलान ‘अनपेड’च दिसते. यूपीआयने दुकानदाराला पाठवलेली रक्कम अडकली आणि पाच दिवसांत परत आली नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बजावले आहे. चलानाची तक्रार रखडवणाऱ्या यंत्रणेलाही असाच भुर्दंड लावावा. आणि तोवर अशा चलानासाठी गाडीच्या हस्तांतराचे काम कोणी अडवू नये.

– एक वाचक, सातारा