मामांचं वेब्ली

महाल, नागपूर
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

दसऱ्याला तू आला नाहीस याचा राग अजून गेलेला नाही. पण जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैनही पडेना, म्हणून फोन न करता बसून लिहून राहिलो आहे. फोनवर तू मधेच तुझ्या त्या कोल्टच्या पायथन रिव्हॉल्व्हरचं पुराण लावतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

मामांच्या वाड्यात सकाळी शस्त्रपूजा झाली. पाटावर दरवर्षीचंच सगळं: पणजोबांची तलवार, विळी, ताईचा लॅपटॉप, आणि मधोमध झेंडूच्या दोन फुलांमध्ये ते मामांचं बत्तीस बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या त्या मापाचं, वेब्ली रिव्हॉल्व्हर, मार्क फोर. आरती झाली, सोनं वाटून झालं, आणि पशा, मन्या, ताई आणि मी तर्री पोह्यांच्या प्लेटी घेऊन ओसरीवर बसलो. पशा म्हणाला, "परवाना, पैसा, कायदा, कशाचीच अडचण नाही असं समजा. जगातलं एकच रिव्हॉल्व्हर उचलायचं. कोणतं?" झालं, दुपारचे दोन वाजले तरी कोणी उठेना.

मन्यानं क्षणभरही विचार केला नाही. कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन, पीसमेकर. घोडा मागे ओढताना त्याच्या ज्या चार टिचक्या वाजतात, त्या त्यानं जिभेनं वाजवून दाखवल्या. उजव्या बाजूची छोटी झडप उघडायची, एकेक काडतूस आत सोडायचं. आणि रिकाम्या पुंगळ्याही नळीखालच्या सळईनं एकेक ढकलून काढायच्या. दिवसभर घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाला हा सावकाशपणा आवडणारच. त्यावरून मला एक गोष्ट सुचली, ती तुलाही आवडेल. १८१७ मध्ये आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली तेव्हा सॅम्युअल कोल्ट तीन वर्षांचा होता. तिथे लढणाऱ्यांना एक बार काढला की पुन्हा दारू भरून ठासावी लागायची. हाच पोरगा पुढे १८३० मध्ये खलाशी म्हणून कलकत्त्याच्या जहाजावर चढला, आणि त्याच प्रवासात त्यानं गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरचा नमुना लाकडात कोरला असं सांगतात. अमेरिकेतलं पेटंट १८३६ चं. म्हणजे रिव्हॉल्व्हरची कल्पना हिंदुस्थानच्या वाटेवर आकाराला आली म्हणायची. मामा ऐकून खूष झाले.

पशानं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल टेन घेतलं. १८९९ पासूनचं घराणं, साठ लाखांवर नग निघाले, आणि दिसायला अगदी साधं. "वरणभात आहे तो," पशा म्हणाला, "रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही." ताईनं रशियाचं १८९५ चं नागां निवडलं. एक तर त्यात सात गोळ्या. शिवाय इतर रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि तिच्यातून गॅस निसटतो. नागांत घोडा चढला की अख्खं सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतं आणि फट बुजते. त्यामुळे चाप मात्र भलताच जड. ताई म्हणाली, एवढी मेहनत घेऊन कुणी ती फट बुजवली याचंच मला कौतुक आहे.

तुझ्या वतीनं पायथन मीच मांडलं, आणि प्रामाणिकपणे मांडलं. १९५५ चं, नळीवर खिडक्यांची पट्टी, आरशासारखा निळा रंग, हातानं घासून जुळवलेले भाग. कोल्टचं सिलिंडर उजवीकडे फिरतं आणि स्मिथचं डावीकडे, हा तुझा आवडता मुद्दाही विसरलो नाही. पशानं तेवढ्यावरून अर्धा तास वाद घातला.

माझं तुला माहीत आहे. वेब्ली मार्क सिक्स, १९१५ चं, .४५५ बोअर, सहा इंची नळी, किलोभराहून जड. कामठीला लष्कराच्या त्या मेसमध्ये काचेच्या पेटीत पाहिलं होतं, आठवतं? तू पुढे निघून गेलास आणि मी काचेला नाक लावून उभा होतो. ते बोअर आपल्याकडे सामान्य माणसासाठी बंद आहे, त्यामुळे काचेपलीकडे ते मला कधीच मिळायचं नाही. याचं खरोखर वाईट वाटतं. पण त्याचा धाकटा भाऊ मामांच्या पाटावर होता.

मी खूप मागे लागलो तेव्हा मामा उठले. आधी सगळ्यांना भिंतीच्या एका बाजूला बसवलं. नळी अंगणाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे. मग डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला, आणि नळी सिलिंडरसकट पुढे झुकली, वाकून नमस्कार करावा तशी. गोळ्यांची सहाही घरं उघडी. मामांनी प्रत्येक घरात बोट घालून मोठ्यानं मोजलं, एक ते सहा. मग ताईला मोजायला लावलं, मग मला. त्यानंतरच ते माझ्या हातात आलं. नळी हळूहळू झुकवत गेलो तसा सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर आला, आणि पूर्ण झुकल्यावर टप्पकन परत आत बसला. सहाही पुंगळ्या एका झटक्यात बाहेर फेकायच्या त्या ह्या चांदणीनं. मी दहा वेळा तरी उघडलं-मिटलं असेल.

मला रिव्हॉल्व्हर का आवडतं ते त्या दहा वेळांत नीट कळलं. पिस्तुलाचं सगळं काम झाकणाआड चालतं. इथे घोडा कुठे आहे, चक्र किती फिरलं, घर भरलेलं की रिकामं, सगळं डोळ्यांसमोर. आणि वेब्ली तर स्वतःच उघडून दाखवतं. ही उघडण्याची पद्धत १८७० मध्ये स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल थ्रीतही होती, ते मी नाकारत नाही. पण ती दणकट करावी तर वेब्लीवाल्यांनीच. बिजागरी हाच तिचा कच्चा दुवा, हे तुझं म्हणणंही खरं आहे. १९३५ ला .३५७ मॅग्नम आलं, तसली जोरकस काडतुसं बिजागरी नसलेल्या अखंड चौकटीलाच पेलणार. तरी माझा जीव बिजागरीवरच आहे.

नळीवर डाव्या बाजूला, मुकुटाच्या ठशाच्या थोडं पुढे, मसुराएवढा तपकिरी डाग पडला आहे. मागच्या निवडणुकीत नेहमीप्रमाणे शस्त्र जमा करावं लागलं, ते परत आलं तेव्हा हा डाग होता. मामा कुणाला दोष देत नाहीत. जमा करताना तेलाचा हात मीच कमी फिरवला, म्हणतात. पण बोट मात्र सारखं त्या डागावरच फिरत होतं त्यांचं.

शेवटी मामांनी जे सांगितलं, त्यासाठी खरं तर हे पत्र. त्यांना आता ते स्वतःजवळ ठेवायचं नाही. परवानाधारक सत्तरीला पोचला की हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. ताई अर्ज करणार आहे. तिनं परवाच नळीतून ब्रश फिरवायला, चिंधीनं पुसायला आणि बिजागरीत थेंबभर तेल सोडायला शिकून घेतलं. मामा शेजारी बसून नुसते पाहत होते, एकदाही हातातून काढून घेतलं नाही.

दिवाळीला ये. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर ते मामांच्याच कपाटात आहे. तू एकदा तरी ते स्वतःच्या हातानं उघडून पाहावंस असं मला फार वाटतं. मग पायथनबद्दल हवं तेवढं बोल, मी मधे बोलणार नाही. मामींनी तुझ्यासाठी संत्रा बर्फी बाजूला काढून ठेवली आहे, पण पशाची नजर तिच्यावर आहे.

तुझा,
बंड्या