आवाहन : पेंटरच्या ट्रंका रद्दीत घालू नका

सप्रेम नमस्कार.

गिरगावातली आमच्या वाचनालयाजवळची एक चाळ गेल्या मे महिन्यात पुनर्विकासासाठी रिकामी झाली. जिन्याखालच्या खोलीत पूर्वी बोर्ड रंगवण्याचं दुकान होतं. पेंटर जाऊन बरीच वर्षं झाली. घरच्यांना ट्रान्झिटच्या खोलीत पत्र्याच्या दोन ट्रंका नेणं शक्य नव्हतं, म्हणून रद्दीवाल्याला बोलावलं होतं. तो तराजू लावत असतानाच आमचे ग्रंथपाल तिथे पोचले. तेही थकलेली वर्गणी मागायला. असो.

ट्रंकांमध्ये ४३ पुस्तकं निघाली. देवनागरी अक्षरांचे कित्ते, बोर्ड रंगवायला शिकवणाऱ्या पातळ पुस्तिका, ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेची लेटरिंगची पुस्तकं, शिवाय दोन-तीन इंग्रजी. निम्म्यांना कव्हर नाही, काहींवर सालही छापलेलं नाही.

त्यातलं एकच पान सांगतो. चौकटी आखून त्यात ‘ळ’ कसा बसवायचा ते दाखवलंय. समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘पोटं मोकळी ठेव. लांबून डाग दिसतो.’ (पोट म्हणजे अक्षराच्या आतली पोकळी.) खाली निळ्या एनॅमलचा अख्खा अंगठा उमटलाय. पान उजेडासमोर धरलं तर अक्षराच्या कडेनं टाचणीची बारीक भोकं दिसतात. असा टोचलेला कागद बोर्डावर लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटायची. मग खाली ठिपके उमटतात, त्यांच्या आधारानं ब्रश न्यायचा. म्हणजे या माणसानं पुस्तकाचं पानच खाका म्हणून वापरलं! हे पान खराब झालंय म्हणायचं की कामी आलंय, यावर कार्यकारिणीत अर्धा तास वाद झाला. शेवटी भोकं बुजवायची नाहीत असं ठरलं.

या पुस्तिकांमध्ये जे आहे ते आज कुठल्याही वर्गात सहसा शिकवलं जात नाही. कागदावर लिहिताना आपण शिरोरेषा शेवटी देतो. बोर्डावर मात्र आधी खडूची दोरी मारून तीच पक्की करायची आणि अक्षरं तिला टांगायची. वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांची जागा मोजून मगच अक्षराची उंची ठरवायची, नाहीतर ‘मूर्ती’चा रफार चौकटीबाहेर जातो. दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं नाही, डोळ्यानं भरायचं, कारण दोन काने शेजारी आले की ते दाटीवाटीचे दिसतात आणि ‘ट’नंतर ‘ठ’ आला की मधे भगदाड पडतं. बोरूची कत, म्हणजे टोकाचा काप, किती तिरपी, ब्रश कुठे वळवायचा, सावली कुठल्या बाजूला टाकायची, हे सगळं चित्रं काढून दाखवलंय.

इंग्रजी अक्षरांची चिंता आम्हाला नाही. अमेरिकेत फ्रँक अ‍ॅटकिन्सन यांनी १९०९ साली साइनबोर्ड रंगवण्यावर लिहिलेलं पुस्तक आजही छापून मिळतं, त्याचे स्कॅनही फुकट पाहता येतात. आपले कित्ते काही आण्यांना विकले गेले, हातात घेऊन फाटले आणि फेकले गेले. ते कुणी जपून ठेवण्याजोगे मानलेच नाहीत, वाचनालयांनीही नाही. आमच्या जुन्या दाखल-नोंदवहीत असं एकही पुस्तक नाही, हेही कबूल करतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि बघता बघता रस्ते देवनागरीनं भरले. आनंद झालाच. पण त्यातल्या कितीतरी पाट्यांवर संगणकात जो पहिला फॉन्ट सापडला तो ताणून बसवलाय, आणि ‘ल’ दांडीचा, म्हणजे हिंदी वळणाचा आहे. मराठी ‘ल’ (दांडीचा नव्हे, पाकळीचा) आणि ‘श’ कसे काढायचे हे २००९ च्या शासन निर्णयानं ठरवून दिलंय. आमच्या ट्रंकेतल्या प्रत्येक कित्त्यात ‘ल’ पाकळीचाच आहे, तोही निरनिराळ्या वळणांचा.

आता अडचण. कागद स्वस्त लगद्याचा आहे, त्यातलं आम्लच त्याला खातंय. घडीवर पान मोडतं. टाचण्या गंजल्यात, कसर लागली आहे. भर म्हणून आम्हीच उत्साहाच्या भरात पहिल्या चार पुस्तिकांना सेलोटेप लावली. ती आता पिवळी पडतेय आणि काढता येत नाही. जुलैत मुंबईच्या हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो, आणि आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे.

आम्लविरहित कागदाचे लखोटे व खोके, ओलावा शोषणारं यंत्र, पुस्तक न दाबता वरून टिपणारा स्कॅनर आणि कागद-संवर्धकाची फी धरून खर्च १,६०,००० रुपये आहे. सभासदांकडून ४२,००० जमलेत. उरलेल्या रकमेसाठी हात पसरतोय. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल. आयकरातली सवलत मात्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटून गेलेली पुस्तकं स्कॅन करून सर्वांना मोफत देऊ. बाकीची वारसांची परवानगी मिळेपर्यंत वाचनालयातच बसून पाहता येतील.

पैशांपेक्षा मोठी मागणी पुढे आहे. लालबाग, परळ, दादर, गिरगाव, कुठेही तुमच्या घरात कुणी पेंटर असतील, मंडळाचे बॅनर किंवा नाटकाचे बोर्ड रंगवणारे काका असतील, ड्रॉइंग मास्तर असतील, तर माळा एकदा बघा. सुटं पान, टोचलेला खाका, जुनी मापांची वही, काहीही चालेल. द्यायचं नसेल तर स्कॅन करून आठ दिवसांत परत देऊ. आणि ज्यांनी स्वतः ब्रश धरलाय त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर जरूर यावं. पुस्तिकांमधल्या बऱ्याच खुणा आम्हाला उलगडत नाहीत, चहा आमच्याकडून.

पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, जुन्या सुती धोतरात किंवा साडीत बांधा. फाटलेलं चिकटवू नका. आणि पाऊस असेल तर घेऊन निघू नका. वाचनालयात निरोप ठेवा, आम्ही छत्री आणि पत्र्याची पेटी घेऊन येतो.

आपले,
वाचनालयाचे चिटणीस व कार्यकारिणी
गिरगाव, मुंबई