कोपऱ्यातल्या कबरीबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर बोलणार होते पण फोनवर आई लगेच रडते आणि बाबा लगेच समजवायला लागतात, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, तेव्हा बाबांनी वाचून दाखवायचं. आणि बाबा, तुमच्याबद्दल जिथे लिहिलंय तेही मोठ्याने वाचायचं हां, गाळायचं नाही.

त्या दिवशी आई जे म्हणाली ते डोक्यातून जातच नाहीये. रोजरीच्या जपमाळेत दहा-दहा प्रार्थनांच्या प्रत्येक दशकानंतर आपण म्हणतो ना, नरकाच्या आगीपासून आम्हाला वाचव, ते म्हणताना तुला दर वेळी धाकटा मामा दिसतो, गेली सत्तेचाळीस वर्षं. म्हणजे रोज पाच वेळा. मी हिशेब करायला गेले आणि मध्येच सोडून दिला. आणि तू हे मला आत्ता सांगतेस, मी त्रेपन्न वर्षांची झाल्यावर! मागून बाबांचा आवाज आला, देव दयाळू आहे तसा न्यायीही आहे. मग तू विषय बदललास, केळीला भाव नाही वगैरे.

मला तो दिवस आठवतो. मी सहा वर्षांची होते, तुम्हाला वाटतं मला काही कळलं नव्हतं. मामाने बावखलाच्या तळ्यात जीव दिला हे मला कुणी सांगितलं नाही, पण घंटा वाजली नाही हे मला पक्कं आठवतंय. आपल्याकडे कुणी गेलं की देवळाची घंटा होते आणि वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून एकमेकींना विचारतात, कोण गं? त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली नाही, चार माणसांनी संध्याकाळी नेलं आणि सिमेट्रीच्या मागच्या भिंतीला, जिथे सुकलेले हार टाकतात तिथे पुरलं. आजी नंतर आयुष्यभर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि मग घाईघाईने, कुणी बघत नाही ना बघून, एक त्या कोपऱ्यात. चोरी केल्यासारखी. नंतर तू पण तसंच करायला लागलीस. आणि बाबांनी त्याचं नाव घेतलेलं मी आजपर्यंत ऐकलेलं नाही, कायम 'तुझ्या आईचा भाऊ'.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला अनंतकाळ शिकवला, तोही कसा, तर एक चिमणी हजार वर्षांतून एकदा अर्नाळ्याच्या समुद्रावर येऊन चोचीत एक थेंब घेऊन जाते, असं करत करत सगळा समुद्र आटला तरी नरकातला पहिला दिवससुद्धा संपलेला नसतो. बाकीची पोरं हसत होती, कोण म्हणालं भरतीला काय करणार चिमणी. मी घरी येऊन ओकले होते, आठवतंय? तू म्हणालीस ऊन लागलं. ऊन नव्हतं आई, मामा होता.

आता एक कबुली. नर्सिंगला असताना आणि नंतरची मिळून नऊ वर्षं मी मिस्साला गेले नाही. तुम्हाला सांगायचे रविवारी ड्युटी असते. खरं कारण हे होतं की वॉर्डात मामासारखी, जीव द्यायला निघालेली माणसं यायची, कुणी वाचायचं, कुणी नाही, आणि त्यांच्याजवळ बसून मला दिसायचं की हा आजार आहे, जसा टायफॉइड असतो तसा, माणूस त्यात स्वतःच्या हातात राहत नाही. आणि मला वाटायचं की मी एक साधी नर्स, रात्रपाळीने चिडलेली, तरी ह्या माणसाला मी शिक्षा देणार नाही, तर ज्याला आपण बाप म्हणतो तो माझ्याहून कमी कसा असेल? आणि तो कमी असेल तर त्याच्यापुढे गुडघे का टेकायचे? ह्याचं उत्तर मिळेना म्हणून जाणंच सोडलं.

परत आले ती कुठल्या चमत्काराने नाही. एका रात्रपाळीत टेबलावर बायबल पडलेलं होतं, झोप येऊ नये म्हणून चाळत होते आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय लागला. बाबा, तुम्ही काढून बघा, ओवी ३१. येशू नरकासाठी जो शब्द वापरतो तो गेहेन्ना, म्हणजे हिन्नोमाचं खोरं, यरुशलेमच्या दक्षिणेला आहे, खरीखुरी जागा, आजही जाऊन उभं राहता येतं. तिथे काय व्हायचं तर लोक मोलख नावाच्या दैवतासाठी आपली पोरं आगीत द्यायचे. साधेसुधे लोक नाहीत, आहाज आणि मनश्शे ह्या राजांनी आपली मुलं तिथे जाळली. आणि ह्यावर देव यिर्मयाच्या तोंडून काय म्हणतो? हे मी सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं!

मी ती ओवी दहा वेळा वाचली. ज्या जागेच्या नावावरून नरकाला नाव पडलं, त्या जागेत पोरं जाळणारी माणसं होती, आणि पोर जाळणं हे देवाच्या मनातही आलं नव्हतं. आणि आपण सत्तेचाळीस वर्षं त्याच देवाच्या हाती काडेपेटी देऊन बसलोय, त्याने आपला मामा जाळला म्हणून.

बाबा, तुम्ही आता म्हणाल की येशू स्वतः नरकाबद्दल बोललाय, न विझणारा अग्नी, दात खाणं, सगळं. बोललाय. ते पुसून टाकता येत नाही आणि मला पुसायचंही नाही, कारण ज्यांनी जिवंत माणसांचं वाटोळं केलं त्यांना काहीच विचारलं जाणार नाही असं असेल तर तो देव गरिबांच्या काय कामाचा. पण तो कुणाला बोलतो ते बघा ना. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी, डावीकडे जातात ते कोण, तर भुकेल्याला जेवण न देणारे, उघड्याला कपडा न देणारे, आजाऱ्याला बघायला न गेलेले. आणि एरवी तो हे शब्द स्वतःच्या शिष्यांना आणि धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या शास्त्री-परुश्यांना ऐकवतो, म्हणजे आपल्यासारख्यांना, रोज रोजरी म्हणणाऱ्यांना. दारू प्यायलेल्या, वाया गेलेल्या, रडणाऱ्या माणसाला तो नरकाची भीती घालताना मला तरी सापडला नाही. नरक ही माझ्यासाठी दिलेली ताकीद आहे, शेजारच्या कबरीत कोण आहे त्याची माहिती नव्हे.

चर्चचंही तेच आहे बघा. आजपर्यंत हजारो लोकांना संत जाहीर केलं, अमुक माणूस स्वर्गात आहे असं नाव घेऊन सांगितलं. पण अमुक माणूस नरकात आहे असं चर्चने एकाही माणसाबद्दल अधिकृतपणे सांगितलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५मध्ये गेले, ते २०२४च्या जानेवारीत इटलीच्या टीव्हीवर म्हणाले होते की नरक रिकामा आहे असा विचार करायला मला आवडतं, मला तशी आशा आहे. हे धर्मसिद्धांत म्हणून नाही, माझं स्वतःचं मत आहे, असंही सांगितलं त्यांनी. बाबांना तेव्हा ते अजिबात आवडलं नव्हतं, पेपर घडी घालून ठेवून दिला होता.

आणि मामाला कोपऱ्यात का पुरलं ते तरी नीट कळू दे तुम्हाला. तेव्हा चर्चचा १९१७चा जुना कायदा होता, त्यात असं जाणूनबुजून जीव दिलेल्यांना चर्चच्या विधीने पुरायला मनाई होती. त्या वेळच्या फादरांना मी काही म्हणत नाही, त्यांनी पुस्तकात होतं ते केलं. मामा १९७८ला गेला. १९८३मध्ये नवीन कायदा आला आणि त्यातून ती मनाईच काढून टाकली. फक्त पाच वर्षं! आणि १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात तर सरळ लिहिलंय की तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशा माणसांच्या तारणाबद्दल आपण आशा सोडू नये, त्यांना पश्चात्तापाची संधी कशी द्यायची ते देवाला माहीत आहे, त्याच्या वाटा आपल्याला माहीत नसतात, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. क्रमांक २२८२ आणि २२८३. हे माझं शहाणपण नाही, आपल्या कपाटात जो जाडा ग्रंथ आहे त्यातलं आहे, ज्याच्यावर तुम्ही चष्म्याचं घर ठेवता.

फ्रान्समध्ये आर्स नावाच्या गावात एक फादर होते, संत जॉन व्हियानी, १८५९ला वारले. त्यांची एक गोष्ट सांगतात. एका बाईच्या नवऱ्याने पुलावरून उडी घेतली होती, ती बिचारी त्यांना भेटायला आली तर काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, तो वाचलाय, पूल आणि पाणी ह्यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. आई, मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बसच्या सीटवर बसून रडले, लोक बघत होते. बावखलाचा काठ आणि पाणी ह्यांच्यामध्ये फार अंतर नाही. पण देवाला पुरत असेल.

मला खात्री आहे असं मी म्हणत नाही. नर्स आहे, खात्रीचे शब्द जपून वापरायची सवय लागते. पण आशा ठेवायला आपल्याला परवानगी आहे, किंबहुना ती ठेवायला सांगितलेलं आहे, आणि तुला मात्र वाटत राहिलं की मामासाठी आशा ठेवणं हेच पाप. तू ती प्रार्थना अर्ध्यातच अडकतेस आई. पुढचं म्हण ना. पुढे आहे सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना. सगळ्या. म्हणजे तू रोज पाच वेळा मामाला स्वर्गात ने असंच म्हणत आलीस, फक्त तुझं लक्ष आगीकडे होतं.

आता बाबांचं. मोठ्याने वाचा.

बाबा, तुम्ही उधळ्या पुत्राची गोष्ट किती वर्षं पोरांना शिकवलीत. तुम्ही कायम पैसे उधळून परत आलेल्या धाकट्याला बाप धावत जाऊन मिठी मारतो तिथे थांबायचात. पण पुढे अर्धी गोष्ट आहे. त्या गोष्टीत शेवटी घराबाहेर अंधारात कोण उभं आहे? धाकटा नाही, तो आत जेवतोय. बाहेर आहे तो थोरला, ज्याने एकही आज्ञा मोडली नाही, आणि तो आत यायला तयार नाही कारण आत धाकटा बसलाय. दाराला कुलूप नाही, गाणं ऐकू येतंय, जेवण गरम आहे, बाप स्वतः बाहेर येऊन विनवतोय. तरी हा उभाच. मला विचाराल तर नरक असा असतो. प्रेम करणाऱ्या देवाच्या घराबाहेर नरक कसा असू शकतो ह्या प्रश्नाला मला एवढंच उत्तर सुचलंय की देव कुणाला बखोटीला धरून आत ओढत नाही. आणि थोरला शेवटी आत गेला का, हे येशूने सांगितलेलंच नाही, गोष्ट तिथेच सोडलीय.

तुम्ही चांगलेच आहात बाबा. मामाची उरलेली उधारी तुम्हीच फेडलीत, आजीला शेवटपर्यंत आपल्या घरी ठेवलंत, ते कुणालाही न सांगता. पण मामाच्या बाबतीत तुम्ही त्या अंगणात उभे आहात. एवढंच म्हणायचं होतं, रागवायचं तर फोन करून रागवा.

यंदा २ नोव्हेंबर रविवारीच आहे. मी शनिवारी पहाटेच्या गाडीने निघते, दादरला उतरून विरार लोकल, दुपारपर्यंत पोचेन. जेवायला काही विशेष करत बसू नकोस, डोळ्यात धूर जाईल. संध्याकाळी मी आणि तू सिमेट्रीत जाऊ आणि ह्या वेळी आधी कोपऱ्यात जायचं, सावकाश, गवत काढायचं, झेंडू ठेवायचा, मग बाकीचे. वारा असतो म्हणून काचेच्या ग्लासातल्या मेणबत्त्या मी इथूनच आणते, चार पुरतील ना?

आणि त्या दिवशीच्या मिस्सात मृतांची नावं वाचतात, त्यासाठी पाकिटात चिठ्ठी घालून आधी द्यावी लागते. बाबा, घरात तुमचं अक्षर सगळ्यात चांगलं आहे, तेव्हा ती चिठ्ठी तुम्हीच लिहा. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट.

तुमची,
पोर